उणे ऐंशीतले हमीदभाई

"देवणी हाय का लाल कंधारी?"

नांदेडहून लातूरला निघालेल्या एसटीत शेजारच्या सीटवरच्या टोपीवाल्या काकांनी हे विचारलं, तेव्हा माझ्या दोन पायांच्या मध्ये एक ॲल्युमिनियमची टाकी होती आणि तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती. आमच्याकडच्या कुठल्याही गाईवाल्याला ही टाकी लांबून ओळखू येते. जनावरांच्या दवाखान्यात वळूच्या वीर्याच्या कांड्या अशाच टाकीत, द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवलेल्या असतात. माझी टाकीही तिथूनच, ओळखीच्या पशुवैद्याला मस्का लावून आणलेली. काकांच्या हिशेबानं मी वळूचा माणूस होतो आणि ते वळूची जात विचारत होते. टाकीत मात्र माणसाच्या लिव्हरचे तुकडे होते, त्यातला एक कॅन्सरचा. हे खरं खरं सांगितलं असतं, तर लोकांनी मला टाकीसकट लोह्याच्या अलीकडेच उतरवलं असतं.

"देवणी," मी म्हणालो.

"नाव काय वळूचं?"

"शंकर."

"लागतंय का चांगलं? आमची गाय दोनदा उलटली, गाभण ऱ्हाईना."

"शंकरचं काम पक्कं आहे," मी म्हणालो. खोटं बोलायला लागलं की माझ्यातला मास्तर जागा होतो आणि विषय सविस्तर समजावून सांगायला लागतो. अहमदपूर येईपर्यंत मी शंकरचा खुराक, त्याचा स्वभाव आणि त्याच्या आईचं दूध इथपर्यंत पोचलो होतो. उतरताना काकांनी फोन नंबर घेतला. पुढं कित्येक महिने त्यांचे फोन येत राहिले. शेवटी बायकोनंच एकदा फोन उचलून "शंकर वारला" असं सांगून टाकलं आणि पलीकडच्या माणसाला खरोखर वाईट वाटलं.

मी लातूरच्या एका संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवत होतो. आता निवृत्त आहे. शिकवण्याच्या जोडीला एक लहानशी प्रयोगशाळा होती आणि तिच्यात मी, माझी पीएचडीची विद्यार्थिनी प्रणिता, आणि वीज गेली की बोंब मारणारा एक फ्रीझर, एवढेच कायमचे रहिवासी. फ्रीझर उणे ऐंशी अंशाचा. लिव्हरच्या गाठींची ऑपरेशनं नांदेडला व्हायची, मोजायचं मशीन लातूरला. मधल्या रस्त्यावर मी आणि शंकर.

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला सांगायचा तर असा. पेशीच्या पोटात सगळी मूळ माहिती जपून ठेवलेली असते. काम निघालं की तिच्यातल्या लागेल तेवढ्या भागाची नक्कल बाहेर येते, आणि ती नक्कल वाचून पेशी प्रथिन बनवते. ही नक्कल म्हणजे आरएनए. मायक्रोआरएनए त्याच जातीचा, पण अगदी बुटका. तो स्वतः काही बनवत नाही. नक्कल दिसली की तिला जाऊन चिकटायचं आणि प्रथिन बनू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. गल्लीत अशी माणसं असली की आपण त्यांना नावं ठेवतो. शरीराचं मात्र त्यांच्याशिवाय चालत नाही.

निरोगी लिव्हरमध्ये असा एक अडवणारा ठासून भरलेला असतो. त्याचा नंबर एकशे बावीस. लिव्हरचा कॅन्सर झाला की पुष्कळदा हा एकशे बावीस कमी होत जातो, आणि त्यानं दाबून ठेवलेली प्रथिनं मोकाट सुटतात. त्यातली काही पेशीला वाढ, वाढ म्हणून ढोसतात. काही पेशींची एकमेकींवरची पकड ढिली करतात, भोवतालची जाळी विरघळवतात. मग पकड सुटलेली पेशी रक्तात शिरते आणि फुफ्फुसात जाऊन बिऱ्हाड थाटते. गाठ एक असते तोवर कापता येते. बिऱ्हाडं पसरली की सर्जन हात टेकतो.

हे सगळं मोजायचं तर आरएनए शाबूत लागतो, आणि आरएनएएवढी नाजूक वस्तू मी सासुरवाडीतही पाहिली नाही. पहिलं सगळं वर्ष आमचा एकही प्रयोग धड झाला नाही. मी वीज मंडळाला शिव्या घातल्या, रसायनं पुरवणाऱ्याला पत्र लिहिलं, प्रणिताला उगीच झापलं. शेवटी तिनंच चोर पकडला. माणसाच्या कातडीवर आरएनए खाणारं एक द्रव्य असतं. विचार करताना टक्कल खाजवायची मला सवय, आणि त्याच हातानं मी नळ्यांची झाकणं चाचपून बघायचो.

"सर," प्रणिता म्हणाली, "आजपासून तुम्ही फक्त विचार करा. हात लावू नका."

ती नायगावकडची. बोलणं कमी, पण नेमकं. त्यानंतर मला प्रयोगशाळेत हातमोजे, टोपी आणि तोंडाला फडकं बांधल्याशिवाय प्रवेश नव्हता.

हमीदभाई मला भेटले ते नांदेडच्या वॉर्डात, ऑपरेशनच्या आधल्या दिवशी. धर्माबादच्या मिरची बाजारात मापाडी. काट्यावर पोतं चढलं की वजन पुकारायचं, हे त्यांचं काम, त्यामुळं वॉर्डातही ते हळू बोलत नसत. ब प्रकारची कावीळ कित्येक वर्षं अंगात मुरलेली, कधी कळलीच नव्हती. आता उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ. शेजारी त्यांची बायको, रजियाभाभी, मोसंबं सोलत बसलेल्या. ऑपरेशन करणाऱ्या कदम मॅडमनी माझी ओळख करून दिली आणि त्या राउंडला गेल्या.

मी माझं नेहमीचं प्रवचन सुरू केलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं.

"म्हंजे चिठ्ठी फाडणारा," ते म्हणाले.

"कोण?"

"तुमचा तो बुटका. आमच्याकडं पोत्यावर चिठ्ठी लागली की हमाल माल उचलतो. चिठ्ठीच फाडली तर माल हालत न्हाई. बराबर?"

"एकदम बरोबर."

"आन् माझ्या गाठीत चिठ्ठी फाडणारा रजेवर गेलाय. कोण बी येऊन माल उचलून राहिला."

वीस वर्षं मी वर्गात हे शिकवलं, पण इतकं नीट कधी सांगता आलं नाही. पुढच्या वर्षीपासून मी त्यांचीच उपमा माझी म्हणून खपवली.

"किती घेणार?" त्यांनी विचारलं.

"हरभऱ्याएवढे दोन तुकडे. एक गाठीचा, एक बाजूच्या चांगल्या लिव्हरचा. नाहीतरी तेवढा भाग काढणारच आहेत."

"चांगला कायकू?"

"तुलना करायला. बिघडलेलं किती बिघडलं, ते चांगल्याशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही."

"आन् मागितला तर परत मिळंल?"

संमतीच्या कागदावर तसं लिहिलेलंच होतं, की माणूस केव्हाही माघार घेऊ शकतो. तेवढं सांगून गप्प बसावं की नाही? पण माझ्या जिभेला हाड नाही. "केव्हाही मागा, हमीदभाई," मी म्हणालो, "तुमची अमानत आहे आमच्याकडे."

रजियाभाभींचा मोसंब्यावरचा हात थांबला. हमीदभाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. "मोठा शबद वापरला तुम्ही, प्रोफेसरसाब," ते म्हणाले, आणि सही केली. मी खुशीत बाहेर आलो. अजून एक नमुना मिळाला.

ऑपरेशन चांगलं झालं. हमीदभाई परत काट्यावर उभे राहिले. तपासणीला नांदेडला आले की मला फोन करायचे. "काय म्हणतो माझा लिव्हर? थंडी वाजत न्हाई ना त्याला?" मी म्हणायचो, मजेत आहे, इथल्या उन्हाळ्यात तोच एकटा सुखी आहे. पुढच्या वर्षी त्यांना खोकला लागला. मिरची बाजारात खोकला कोण मोजतो? तिथं सगळेच खोकतात. त्यामुळं तपासायला उशीर झाला. फुफ्फुसात बिऱ्हाडं झाली होती. कदम मॅडमनी निदानासाठी एक लहान तुकडा काढला, आणि त्यातला शिल्लक कण हमीदभाईंच्या परवानगीनं आमच्याकडं पाठवला.

आता इथं जे झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण प्रत्येक प्रयोगशाळेत तसंच होतं. एकाच माणसाचं चांगलं लिव्हर, गाठ आणि फुफ्फुसातलं बिऱ्हाड, तिन्ही एका हातात येणं म्हणजे आमच्या धंद्यातली लॉटरी. प्रणितानं मोजणी केली. चांगल्या तुकड्यात एकशे बावीस होता, गाठीत कमी, आणि फुफ्फुसातल्या कणात जवळपास नाहीच. आणि त्यानं अडवायच्या प्रथिनाच्या नकला बरोबर उलट्या, पायरीपायरीनं चढत गेलेल्या. पडद्यावर तीन खांब उभे राहिले, आणि आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी औशाहून पेढे मागवले. पेढा तोंडात असताना प्रणिता म्हणाली, "सर, हे हमीदभाईंचं आहे." मी पेढ्यांचा डबा बंद केला.

एक बारीक खोट मात्र तिला तेव्हाच दिसली होती. हमीदभाईंच्या चांगल्या तुकड्यातला एकशे बावीस इतर लोकांच्या चांगल्या तुकड्यांपेक्षा कमी होता. म्हणजे गाठ सोडून उरलेलं लिव्हरही आतून ढिलं पडत आलेलं. जुनी कावीळ. तरी तुलनेला तोच होता, दुसरा कुठून आणणार?

नकलांचं झालं, आता खुद्द प्रथिन मोजायचं होतं. नकला वाढल्या म्हणून प्रथिन वाढलंच असं सिद्ध होत नाही. छापायला पाठवलेला आमचा निबंध ज्यांनी तपासला त्यांनीही तेच मागितलं होतं, आणि प्रणिताची पीएचडी त्या निबंधावर अडली होती. उरलेले तुकडे फोडायचा दिवस ठरला. त्याच आठवड्यात रजियाभाभींचा फोन आला.

"भाईसाब, ह्यांनी सांगितलंय, ते तुकडे आणून द्या."

"का हो?"

"दफनवायचेत."

मी आधी हसलो, मग 'बघतो' म्हणून फोन ठेवला. प्रणिताला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही जाऊन समजवा, सर. तुम्हाला येतं." तिचा चेहरा बघून मी गेलोच.

धर्माबादला मिरचीचे दिवस होते. रिक्षातून उतरलो आणि शिंका सुरू झाल्या. एसटीत पाठ करून आणलेलं भाषण होतं: मानवजात, पुढच्या पिढ्या, विज्ञानाची सेवा. हमीदभाई खाटेवर बसलेले. हातपाय काड्या झालेले, पोटात पाणी भरलेलं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीचा.

"हमीदभाई," मी सुरू केलं, "मानव..." आणि शिंकलो. "मानवजात..." पुन्हा शिंक. तिसऱ्या वेळेला ते पोट धरून हसायला लागले.

"ऱ्हाऊ द्या. मानवजातीला सर्दी झाली."

रजियाभाभींनी गुळाचा काढा दिला. तो पिऊन मी भाषण सोडलं आणि सरळ विचारलं, असं का.

"माझ्या मामूचा पाय शुगरनं कापला व्हता," ते म्हणाले. "आम्ही तो कपड्यात बांधून कबरस्तानात दफन केला. मामू काठी घेऊन स्वतः हजर. नंतर मामू गेला, त्याला शेजारीच ठेवला. पाय आधी गेला, मामू मागून गेला, पन पूरा गेला. मला बी पूरा जायचंय, प्रोफेसरसाब. लातूरला फ्रीजमधी लटकून ऱ्हायचं न्हाई."

"उरलंय ते थोडंच आहे," मी म्हणालो.

"बाकीचं कुठं गेलं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. मोजणीसाठी तुकडा नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटतात, पूड एका गुलाबी विषारी द्रावणात विरघळवतात. काम झालं की उरलेलं दवाखान्यांचा कचरा नेणाऱ्या गाडीत जातं. गाडी ते भट्टीत टाकते. मी एक शिंक उधार घेता येते का बघितलं. येईना.

"जाळतात," मी म्हणालो.

रजियाभाभींनी तोंडाला पदर लावला. "जलाया?" त्या एवढंच म्हणाल्या. ज्यांच्याकडं माणसाला मातीशिवाय दुसरी वाट नाही, त्यांच्या घरात बसून मी हे सांगत होतो.

हमीदभाईंनी उजव्या कुशीवर हात ठेवला. मग म्हणाले, "गाठीचं जळालं ना? जळू दे. तिला कुणी बोलावलं व्हतं? ती माझी न्हाईच. फुफ्फुसातलं बी तिचंच पिल्लू. ठेवा दोन्ही तुम्हाला, काय करायचं ते करा."

माझा जीव भांड्यात पडला. गाठ मिळाली, कण मिळाला. मी आभार मानायला तोंड उघडलं.

"चांगला तुकडा तेवढा द्या," ते म्हणाले. "तो माझा हाय."

विज्ञान न शिकलेल्या माणसाला इथं काही गैर वाटणार नाही. पण मला त्या खोलीत बसल्या बसल्या कळलं की आमचं सगळं गेलं. तीन खांबांतला पहिला खांब काढला तर उरलेले दोन कशाच्या तुलनेत उंच म्हणायचे? गाठ मिळते हो, दरवेळी गाठ मिळते. गाठ, बिऱ्हाड आणि चांगलं लिव्हर, तिन्ही एकाच माणसाचं मिळत नाही. मी हे त्यांना सांगितलंही. त्यांनीच मला शिकवलेल्या भाषेत सांगितलं: चिठ्ठी फाडणारा पूर्वी किती कामाचा होता, हे दाखवायलाच तो तुकडा लागतो.

"मंग तो परत घाला की माझ्या आत," ते म्हणाले. "तुमचा बुटका. बनवता येत न्हाई का त्याला?"

"बनवता येतो. शरीरात नीट पोचवता येत नाही अजून. लोक प्रयत्न करून राहिलेत."

"माझ्यापस्तोर येईल?"

"नाही."

"मंग तुकडा द्या."

प्रणिताला मी हे प्रयोगशाळेत सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर भांडेल. तिनं फ्रीझर उघडला, खण बाहेर ओढला आणि वाफेत बघत म्हणाली, "अर्धा ठेवून अर्धा दिला तर त्यांना कळणार आहे का, सर?"

"नाही."

"मला माहितीय, नाही ते." तिनं नळी काढली. "फक्त बोलून बघितलं."

संस्थेच्या समितीनं तुकडा परत द्यायचा अर्ज मंजूर केला. अट एकच, कावीळ असलेल्या माणसाचा भाग आहे, तेव्हा फॉर्मॅलिनमध्ये घालून निर्धोक करून द्यावा. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्याचा आमच्या मोजणीला उपयोग राहत नाही. प्रणितानंच तो बाटलीत सोडला. हरभऱ्याएवढा होता, निम्मा कुटून झाला होता. हळूहळू राखाडी झाला.

बाटली घेऊन मी धर्माबादला गेलो तेव्हा प्रणिताही बरोबर आली. हमीदभाईंना आता बसवत नव्हतं. त्यांनी बाटली उजेडाकडं धरली, डोळे बारीक केले.

"बस, एवढाच?"

"एवढाच उरला."

"पन हा चांगला व्हता ना?"

प्रणितानं माझ्याकडं बघितलं. एसटीत शंकरच्या सात पिढ्या सांगणारा माणूस मी. 'हो' म्हणायला काय लागत होतं?

"पूर्ण चांगला नव्हता, हमीदभाई," मी म्हणालो. "थोडा आधीच बिघडलेला होता."

त्यांनी बाटली पुन्हा उजेडाकडं धरली. मग त्यांच्या गालावर एक खळी पडली, आजारपणातही शिल्लक राहिलेली.

"मी तरी कुठं पूरा चांगला व्हतो," ते म्हणाले. "इचारा ह्या रजियाला."

"मला नका इचारू," रजियाभाभी म्हणाल्या. "यादी लांब हाय."

दुपारीच कबरस्तानात गेलो. हमीदभाईंनी हट्टानं रिक्षातून यायचं ठरवलं आणि मेहुण्याच्या खांद्यावर डोकं टेकून फाटकापाशी थांबले. मेहुण्याचा मुलगा खणत होता. प्रणितानं हातमोजे घालून तुकडा बाटलीतून काढला, पाण्यानं धुतला, रजियाभाभींनी दिलेल्या पांढऱ्या कापडात ठेवला. एवढ्याशा गोष्टीला कापड फार मोठं होतं. चार घड्या घातल्या तरी मोकळंच राहिलं.

"खोल खण रे," रिक्षातून आवाज आला, काट्यावरचाच, फक्त दम कमी पडलेला. "कुत्रं उकरलं तर मला उठून यावं लागंल."

मुलगा हसला आणि अजून खोल गेला. माती टाकून झाल्यावर हमीदभाईंनी शेजारची मोकळी जागा बोटानं दाखवली आणि मेहुण्याला काहीतरी सांगितलं. ते मला ऐकू आलं नाही, पण मेहुण्यानं तिथं एक दगड ठेवला.

आमचा निबंध नंतर छापून आला. त्यात प्रथिनाच्या मोजणीत हमीदभाई नाहीत. दुसऱ्या रुग्णांचे गाठ आणि चांगलं लिव्हर असे जोड आहेत, पण प्रथिनाच्या तिन्ही पायऱ्या एका माणसात दाखवणारं चित्र नाही, त्यामुळं निष्कर्षाच्या वाक्यात 'बहुधा' हा शब्द घालावा लागला. प्रणिताला पदवी मिळाली, उशिरा. तिच्या तोंडी परीक्षेत एका परीक्षकानं विचारलं, हा एवढा चांगला नमुना मधेच का सोडला? ती म्हणाली, "ज्याचा होता त्यानं परत मागितला." परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला.

धर्माबादला मी त्यानंतर एकदाच गेलो. हमीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा उशीर झाला होता, पोचलो तोवर घर रिकामं होतं, सगळे कबरस्तानाकडं गेलेले. फाटकातून आत शिरल्यावर कुणाला जागा विचारावी लागली नाही.